मजकूर समजावून सांगितला

सासरी येताना माझ्यासोबत एक गोष्ट आली होती, आणि ती कोणाला कळू द्यायची नाही असं सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. मला गोंडी येत होतं.

माझे वडील मूळचे वर्ध्याकडचे, जंगलखात्यात कारकून. मी तीन वर्षांची असताना त्यांची बदली मंडल्याच्या पुढे, सालाच्या जंगलातल्या एका ठाण्यावर झाली. मी चौदा वर्षांची होईपर्यंत आम्ही तिथेच होतो. आई हिवतापानं वर्षातले सहा महिने अंथरुणावर असायची. मला वाढवलं ते आमच्याकडे पाणी भरणाऱ्या गोंड बाईनं. तिच्या दोन मुली आणि मी एकाच भांड्यातली कुटकीची पेज प्यायलो, एकाच झऱ्यावर भांडलो. ज्या भाषेत लहानपणी भांडलो ती भाषा माणूस विसरत नाही.

सासरचं घराणं भोसल्यांच्या चाकरीत जबलपूरला आलेलं, आणि मग इथलंच झालेलं. घर सराफ्याच्या मागच्या गल्लीत. दिवसभर सोनारांच्या हातोड्यांची टिकटिक कानावर यायची. सासूबाई म्हणाल्या होत्या, "आपल्याकडे चार लोक येऊन बसतात. त्यांच्यासमोर असलं जंगली बोलणं तोंडातून निघालं नाही पाहिजे." नाही निघालं. तीन वर्षांत एक शब्द नाही.

माझे सासरे वकील होते. त्यांना मी मामंजी म्हणत असे. तळमजल्यावर पुढच्या दोन खोल्यांत त्यांची कचेरी. आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. वर्तमानपत्र वाचून झालं की ते घडी घालून माझ्याकडे पाठवायचे, आणि संध्याकाळी विचारायचे, "मग, सूनबाई, आज काय वाचलं?" माझे यजमान तेव्हा नागपूरला कायद्याचा अभ्यास करत होते. त्या घरात मला काय वाटतं हे विचारणारा माणूस एकच होता, आणि तो मामंजी होते. हे आधी सांगते, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

थंडीचे दिवस होते. एका दुपारी त्यांनी मला कचेरीत बोलावलं. सासूबाई दारात उभ्या होत्या.

"तुला गोंड लोकांची बोली समजते म्हणे. खरं काय?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. ज्यांनी तोंड बंद केलं होतं त्याच म्हणाल्या, "सांग न. काहून चूप आहेस?"

"समजते," मी म्हटलं.

मामंजींनी मला बसायला सांगितलं आणि सगळं नीट समजावलं. बरगीच्या पलीकडच्या डोंगरांतून एक नदी येते आणि नर्मदेला मिळते. मिळायच्या आधी ती दोन कड्यांच्या मधून जाते. कलकत्त्याच्या एका कंपनीला त्या खिंडीत नदी अडवून कागदाचा कारखाना घालायचा होता. वरच्या अंगाला बांबूचं मोठं रान, कागदाला लागणारा सगळा माल तिथेच. पण त्या रानात तीन गोंड गावं होती, आणि बांबू तोडायचा, गुरं चारायची, नदीत मासे धरायचे, काठावर आपली माणसं पुरायची, हा त्या गावांचा हक्क सरकारी दप्तरात लिहिलेला होता. त्या हक्काला तिकडे निस्तार म्हणतात. गावानं आपण होऊन निस्तार सोडल्याचा कागद दिला, तरच कंपनीला पट्टा मिळणार होता. एका गावाचा कागद झाला की बाकीची दोन गावं मागोमाग येतील, असा कंपनीचा हिशेब. आणि कंपनीचे वकील मामंजी होते.

"त्यांची तीन माणसं आज येऊन राहिली," ते म्हणाले. "अंगठे सरकारी अंमलदार साहेबांसमोर व्हावे लागतात, आणि ते शहपुऱ्याला दौऱ्यावर आहेत. ते परत येईपर्यंत आपल्याकडेच राहतील. पाहुणे समजायचं."

पाहुणे कंपनीच्या लॉरीतून उतरले. एक म्हातारा, गावाचा मुकद्दम. एक पन्नाशीची बाई, जिच्या नवऱ्याच्या नावावर काठाची जमीन होती आणि नवरा मेल्यावर जी तिच्या नावावर झाली होती. तिसरा तिशीतला एक गडी. थोडंफार हिंदी त्यालाच यायचं, म्हणून त्याला आणलं होतं. कंपनीचा एजंट सोबत होता, पांढरा कोट घातलेला, बोलताना घड्याळ काढून पाहणारा. त्यानं तिघांच्या कुऱ्हाडी मागून घेतल्या. "शहर आहे, चोरी होते," असं हिंदीत सांगून मामंजींच्या कपाटात ठेवल्या. आपला एक शिपाई त्यानं बाहेरच्या पायरीवर बसवला, काठी मांडीवर घेऊन.

कचेरीमागे कागदपत्रांची खोली होती, तिथे त्यांची व्यवस्था केली. खिडकी एकच, उंचावर. दाराला कुलूप नव्हतं. ते मी पुढे कितीदा तरी स्वतःला सांगितलं, की दाराला कुलूप नव्हतं.

पहिल्या दिवशी मी पत्रावळीवर जेवण नेऊन ठेवलं आणि परत फिरले. एक शब्द बोलले नाही. म्हाताऱ्यानं नळाचं पाणी ओंजळीत घेऊन वास घेतला आणि बाईला म्हणाला, "हे कुठून येतं, दिसतच नाही." ती म्हणाली, "तहान असली की दिसण्याचं काय." मला हसू आलं. तोंडाला पदर लावून मी बाहेर आले, आणि जिन्याशी येईपर्यंत डोळे भरले होते. तीन वर्षांनी ती भाषा कानावर पडत होती, आणि मी बहिऱ्यासारखी वागत होते.

दुसऱ्या दिवशी मामंजी म्हणाले, "जिन्याखाली बसून तांदूळ निवड. भिंत फळ्यांची आहे, ऐकू येतं. ते आपसात काय बोलून राहिले ते मला सांग. वाईट काही नाही यात. त्यांच्या मनात काय शंका आहे ते कळलं तर आपण दूर करू."

मला त्यांना नाही म्हणता आलं नाही. सूप घेऊन बसले.

 फळ्यांपलीकडे तो गडी म्हणाला, "माझी बायको आज-उद्यावर आली आहे. मी इथे बसून काय करू? कागदावर बोट टेकवू आणि जाऊ."

म्हातारा म्हणाला, "टेकवल्यावर जाशील कुठे?"

"घरी."

"तेच विचारतो."

बाई म्हणाली, "घरमालक तर चांगला दिसतो. सकाळी हात जोडून विचारून गेला, झोप लागली का."

"चांगला आहे म्हणूनच मला भीती वाटते," म्हातारा म्हणाला. "ओरडणाऱ्याला नाही म्हणता येतं."

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. मीही त्याच कारणानं त्या जिन्याखाली बसले होते.

संध्याकाळी मामंजींनी विचारलं. मला वाटलं, खरं तेवढं सांगावं, त्यांना दया येईल. म्हटलं, "त्या धाकट्याची बायको बाळंत व्हायची आहे. त्याचा जीव तिकडे लागलाय. त्याला तरी जाऊ द्यावं."

"अच्छा," ते म्हणाले, आणि विचारात पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एजंट आला आणि सरळ त्या गड्याशी हिंदीत बोलायला लागला. "तेरी घरवाली की तबियत ठीक नहीं है ना? साहब के सामने अंगूठा लगा दे, उसी दम लॉरी से घर छोड़ देंगे. नहीं तो साहब के आने का क्या ठिकाना, दस दिन भी लग जाएँ." मी चहाचे कप न्यायला आले होते.  एजंट गेल्यावर गडी म्हाताऱ्याला म्हणाला, "हे त्याला कसं कळलं? मी तर फक्त तुम्हाला सांगितलं होतं."

 बाईनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी कप उचलले आणि निघून आले.

मी दया येईल म्हणून सांगितलं होतं, आणि त्याचा फास करून त्याच्याच गळ्यात टाकला गेला. मामंजींनी मुद्दाम केलं की एजंटाशी बोलताना सहज निघून गेलं, हे मी आजही सांगू शकत नाही. मी विचारलं नाही. त्या दिवसापासून जिन्याखालून उठून गेले की मी एकच सांगत असे, "गुराढोरांचं बोलतात."

त्याच दिवशी दुपारी बाई मागच्या अंगणात नळावर पत्र्याचा डबा धूत होती. मी वाळत घातलेले कपडे काढायला गेले. माझ्याकडे पाठ करून, डबा घासता घासता, ती गोंडीत म्हणाली, "तुझ्या पायाशी विंचू आहे."

मी उडी मारून मागे सरले.

तिनं डबा खाली ठेवला. "विंचू नाही," ती म्हणाली. "बस."

मी तिथेच दगडावर बसले. 

"तूच सांगितलंस."

"हो." तीन वर्षांनी गोंडीत बोललेला माझा तो पहिला शब्द.

"कशाला?"

"मला वाटलं, सोडतील त्याला."

तिनं माझं तोंड नीट निरखलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मग आता दार उघड. आम्ही चालत जाऊ."

"दार माझ्या हातात नाही. मी पण विचारल्याशिवाय ह्या घराबाहेर जात नाही. देवळातसुद्धा."

"तुला कोणी पकडून आणलं?"

"लग्न करून आणलं."

ती हसली. पुढचा एक दात नव्हता तिला. मग हसणं थांबवून तिनं विचारलं, "कागदावर काय लिहिलंय?" मी सांगितलं, की अजून पाहिलेला नाही. "पाहा," ती म्हणाली. इतक्यात माडीवरून सासूबाईंनी हाक मारली, आणि मी कपडे गोळा करून वर गेले.

पाहायची वेळ दुसऱ्याच दिवशी आली. मामंजींनी मला कचेरीत बसवून मसुदा माझ्यासमोर ठेवला. हिंदीत होता. मी वाचला. काठ, बांबू, चराई, मासे, माणसं पुरायची जागा, सगळं कायमचं आणि राजीखुशीनं सोडतो. पाणी चढेल तेव्हा घरं स्वतः हलवू, त्याबद्दल पुढे काही तक्रार करणार नाही. शेवटी एक ओळ होती, की हा मजकूर त्यांना त्यांच्या बोलीत समजावून सांगितला आणि त्यांनी तो समजून घेतला. खाली दुभाष्याच्या सहीसाठी जागा सोडली होती.

"इथे मी सही करायची?"

"दुसरं कोण आहे?" मामंजी म्हणाले. "कंपनीचा माणूस चालत नाही, साहेब हरकत घेतील. आणि हे बघ, कलमं एक एक सांगत बसू नको, ते लोक घाबरतात. थोडक्यात सांग. कारखाना येईल, रस्ता येईल, काम मिळेल, शाळा होईल."

"शाळेचं यात कुठे आहे?"

"येईलच न. कारखाना आला की सगळं येते."

"आणि पाणी चढेल ते?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "सूनबाई, मी नाही केलं तर दुसरा वकील करेल. तो त्यांना पत्रावळीसुद्धा वाढणार नाही. मी शब्द दिला आहे. आपल्या घराची या शहरात एक पत आहे, उद्या तुझा नवरा याच खुर्चीवर बसणार. मी काही चोरी करून राहिलो काय?"

ते मनापासून बोलत होते. रस्ता आणि शाळा त्यांना खरोखरच दिसत होती. मी मसुदा घेऊन माडीवर गेले. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, आणि सासूबाईंना वाटलं दिवस गेले असतील. यजमानांना पत्र लिहावं तर ते पोचेपर्यंत सगळं होऊन जाणार होतं. वडिलांना लिहावं तर ते सरकारी नोकर. ज्याच्याकडे जावं असं माणूस नव्हतं, आणि जायला पाय मोकळे नव्हते.

पाचव्या दिवशी सकाळी अंमलदार आले. उंच, थकलेला माणूस, बुटांवर दौऱ्याची धूळ. ते मामंजींच्या खुर्चीवर बसले, एजंट बाजूला उभा राहिला. तिघं भिंतीला टेकून बसले. मला आतल्या दारात पाट मांडून दिला होता. सासूबाई माझ्या मागे होत्या.

"पढ़कर सुनाइए," अंमलदार म्हणाले.

मी कागद हातात घेतला आणि गोंडीत सांगायला लागले.  मी सगळं सांगितलं. एकही कलम सोडलं नाही. कुठल्या दगडापासून कुठल्या दगडापर्यंतचा काठ, कुठला बांबू, कुठले मासे. 'कायमचं' याला त्यांच्यात काय म्हणायचं ते मला आठवेना, तेव्हा म्हटलं, तुझ्या मुलाच्या मुलालासुद्धा नाही. पाणी चढेल हे सांगितलं. तुमची पुरलेली माणसं खाली राहतील हे सांगितलं. त्यात शाळा नाही, रस्ता नाही, हेही सांगितलं.

मामंजींनी मध्येच विचारलं, "एवढं लांब काहून होऊन राहिलं?"

"त्यांच्याकडे कायद्याचे शब्द नाहीत, मामंजी. फोड करून सांगावं लागतं."

त्यांनी मान हलवली. त्या तिघांखेरीज खोलीत गोंडी कळणारं दुसरं कोणी नव्हतं. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच मी हवं ते बोलत होते, आणि माझ्या घरातल्या कोणालाच ते ऐकू येत नव्हतं.

म्हाताऱ्यानं विचारलं, "आम्ही नाही म्हटलं तर?"

"तर हा खुर्चीवरचा माणूस अंगठा घेऊ शकत नाही. तो कंपनीचा नाही, सरकारचा आहे. त्याला हिंदीत सांगा. मला सांगू नका, मी सांगितलं तर हे मानणार नाहीत."

"काय म्हणतो?" एजंटानं विचारलं.

"शाळा कुठे होणार म्हणून विचारतो," मी म्हटलं.

तो गडी उठला. माझ्या मनात त्याचीच भीती होती, कारण घरी जायची घाई त्यालाच होती. तो अंमलदारांसमोर उभा राहिला आणि तोडक्यामोडक्या हिंदीत म्हणाला, "साहब, हमको नहीं देना. हमारा आदमी गड़ा है उधर. नहीं देना."

एजंट पुढे झाला. "अरे, कल तो तू राज़ी था!"

अंमलदारांनी हातानं त्याला थांबवलं. बाकी दोघांनाही कागद दाखवून खुणेनं विचारलं. दोघांनी माना हलवल्या, नाही. अंमलदारांनी लेखणी खाली ठेवली. राजीखुशी नसेल तर अंगठा घेता येणार नाही, असं ते मामंजींना सरळ म्हणाले. मामंजींच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

इथे सगळं संपलं असतं तर ही हकीकत मी आनंदानं सांगितली असती. पण अंमलदारांची नजर बाहेर पायरीवरच्या शिपायाकडे गेली, त्याच्या काठीकडे, मग त्या तिघांच्या रिकाम्या हातांकडे. त्यांनी एक कोरा कागद ओढला आणि मला म्हणाले, "इनसे पूछिए, पाँच दिन ये यहाँ अपनी मर्ज़ी से थे? या इन्हें रोककर रखा गया था?"

मी विचारलं. नीट विचारलं.

म्हातारा म्हणाला, "रोखून ठेवलं. आमच्या कुऱ्हाडी घेतल्या. दारावर माणूस बसवला. दोनदा निघालो, दोनदा परत बसवलं. सांग त्याला."

खोलीत सोनारांच्या हातोड्यांचा आवाज येत होता. मागून सासूबाईंचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. समोर मामंजी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात धमकी नव्हती. तसं पाहताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ते घाबरले होते. हे वाक्य मी हिंदीत सांगितलं तर त्यांची वकिली संपली, घराचं नाव गेलं, आणि ज्या छपराखाली मला परत जायचं होतं ते मीच पाडलं असं झालं. आणि नाही सांगितलं तर...

"कहते हैं, मेहमान की तरह रखा था," मी म्हटलं.

अंमलदारांनी ते लिहून घेतलं. माझी सही घेतली.

म्हाताऱ्याला हिंदी कळत नव्हतं. त्या गड्याला कळत होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. बाईनं त्याच्या दंडाला धरून खाली बसवलं. का, ते मला ठाऊक नाही. काम झालं आहे, आता निघू या, असं तिला वाटलं असेल. किंवा मी काय केलं ते न सांगताच तिला कळलं असेल.

कपाटातून कुऱ्हाडी बाहेर काढल्या. एजंट लॉरी घेऊन निघून गेला होता. तिघं चालत निघणार होते, नर्मदेवरच्या ग्वारीघाटापर्यंत आणि तिथून काठाकाठानं वर, दोन दिवसांची वाट. मी भाकरी बांधून दिली. बाई दारात थांबली.

"आमची भाषा तुला कोणी शिकवली?"

"आमच्याकडे पाणी भरायची तिनं. तिच्याच हातचं खाऊन वाढले मी."

"आज इथे काय काय बोललीस, ते तिला सगळं सांगशील?"

मी गाठोड्याची गाठ पुन्हा आवळली. तिनं वाट पाहिली, मग भाकरीचं गाठोडं डोक्यावर ठेवून दोघांच्या मागोमाग गल्लीत उतरली. मी कोपऱ्यापर्यंतसुद्धा गेले नाही. विचारलं नव्हतं.

मामंजी माझ्यावर रागावतील म्हणून मी जीव मुठीत धरून होते. मी गोंडीत काय सांगितलं असेल हे त्यांच्यासारख्या माणसाला न कळण्याजोगं नव्हतं. आठ दिवस ते त्याबद्दल काही बोलले नाहीत. वर्तमानपत्र मात्र रोज घडी घालून येत होतं. मग एका संध्याकाळी मी त्यांच्या खोलीत दिवा ठेवायला गेले, तेव्हा ते म्हणाले, "त्या दिवशी तू घराची लाज राखलीस, सूनबाई. हे मी विसरणार नाही."

आणि ते खरंच विसरले नाहीत. पुढे माझ्या मुलीला शाळेत घालायचं निघालं तेव्हा सासूबाईंच्या विरोधात तेच उभे राहिले. मी माहेरी महिनाभर राहिले तर कोणाला बोलू दिलं नाही. त्या घरात मला जे जे मिळालं ते मी त्या एका वाक्यावर मिळवलं होतं, आणि प्रत्येक वेळी ते हातात घेताना मला वाटायचं की आता मी कधीच खरं बोलू शकत नाही. त्यांनी छळलं असतं तर मी एक दिवस बोलून मोकळी झाले असते. त्यांच्या उपकारांनी माझं तोंड बांधलं.

त्या गावाचा निस्तार राहिला. एवढं मला पक्कं माहीत आहे. त्या खिंडीत कारखाना झाला नाही. कंपनीनं मामंजींकडचं काम काढून दुसऱ्या वकिलाकडे दिलं. पुढच्या वर्षी बाकीच्या दोन, नदीच्या वरच्या अंगाच्या गावांतली माणसं शहरात आणली गेली, वेगळ्या घरी, वेगळ्या पायरीवर शिपाई बसवून. एकदा रोखून ठेवल्याचं सरकारी कागदावर आलं असतं तर दुसऱ्यांदा तसं करायला कोणी धजलं नसतं. पण कागदावर 'मेहमान' असं होतं. त्यांतल्या एका गावानं अंगठे दिले. तिथला बांबू दोन हिवाळ्यांत तुटला. मग लढाई लागली, कंपनीचं लक्ष दुसरीकडे गेलं, नदी अडवायचं राहून गेलं. पण निस्तार गेल्यावर तिथे जगायला काही उरलं नाही, गाव उठायचं ते उठलंच.

हे मला कसं कळलं ते सांगते. लढाई संपता संपता आम्ही एकदा अधारतालकडे एका ओळखीच्यांच्या घरी बारशाला चाललो होतो. रस्त्याच्या कडेला विटांची भट्टी होती. डोक्यावर विटा घेतलेल्या बाया ओळीनं चढत होत्या, आणि त्यांतली एक दुसरीला गोंडीत म्हणाली, "पाय जपून टाक." मी टांगा थांबवायला सांगितला. यजमान म्हणाले, "काहून?" मी उतरलेही होते.

मी त्यांना त्यांच्या भाषेत विचारलं, की कुठल्या गावच्या. त्या एकदम हसायला लागल्या, टांग्यातून उतरलेल्या लुगड्यातल्या बाईच्या तोंडी ती भाषा ऐकून. मग त्यांनी गावाचं नाव सांगितलं. वरच्या अंगाचं ते गाव.

"कागद कुठे झाला तुमचा?"

"इथेच, जबलपुरात. माझ्या सासऱ्यानं दिला," त्यांतली वयानं मोठी होती ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, दूरची गोष्ट सांगावी तसं. "नऊ दिवस ठेवलं होतं त्यांना एका घरात. काय लिहिलंय ते सांगायला कोणी नव्हतं."

मी म्हटलं, "मला येत होतं." तिला त्याचा अर्थ कळला नाही. कळावा असं काही मी बोललेही नव्हते. ती म्हणाली, "चांगलं बोलतेस तू. आमच्या मुली आता हिंदीच बोलतात." मग मुकादमानं हाक मारली आणि तिनं विटा उचलल्या.

टांग्यात बसल्यावर यजमानांनी विचारलं, "काय बोलत होतीस एवढं?"

मी त्यांना सगळं सांगायला सुरुवात केली, त्या पाच दिवसांचं, जिन्याखालचं, दारात पाटावर बसून म्हटलेल्या त्या एका वाक्याचं. ते तेव्हा वकिलीत नुकते स्थिर झाले होते, मामंजींच्या खुर्चीवर बसत होते. त्यांनी अर्धं ऐकलं आणि टांगेवाल्याच्या पाठीकडे बोट दाखवून हलकेच म्हणाले, "इथे नको." घरी गेल्यावर मी पुन्हा विषय काढला. ते वडिलांविषयी म्हणाले, "दादा आता थकले आहेत. ते आहेत तोवर नको." मामंजी त्यानंतर अकरा वर्षं जगले.